वादळवालीची पाठ

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ढमे,

कशी आहेस? घरचे ठीक ना? इकडे सगळं बरं. दवाखान्याला नवा रंग दिलाय, त्या वासानं दिवसभर डोकं चढतं. आईचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा आईच जास्त कुरकुरते.

एवढंच सांगायला पत्र लिहीत नाहीये, हे तुला कळलंच असेल. फोन तू मध्येच ठेवला असतास.

माझ्याकडे हाताच्या व्यायामाला एक आजी येतात. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडलाय, बोटं तेवढी थोडी वळतात पण हात आपणहून उचलत नाही, आणि बोलणंही गेलंय. त्यांना एक आजोबा घेऊन येतात. मला वाटलं, नवरा असतील.

"छे हो," ते म्हणाले, "आम्ही नुसते बरोबर काम करायचो. हिचे सगळे शब्द गेले आणि नेमका 'नाही' तेवढा शिल्लक राहिला. माझं नशीब बघा!"

"नाही," आजी म्हणाल्या.

मागच्या आठवड्यात मी कोपराला आधार देऊन त्यांच्या त्याच हातात जाड पेन्सिल दिली. म्हटलं, साध्या रेघा ओढा. दोन-चार वाकड्यातिकड्या ओढल्या आणि मग हात भलतीकडेच निघाला. आखूड केस. रुंद खांदे. कमरेला कंदील. आणि आपल्याकडे पाठ.

ढमे, मी बघताक्षणी ओळखलं. आपण पारायणं केली त्या चित्रकथेतली, आपली वादळवाली! शेवटच्या अंकाचं शेवटचं चित्र. धक्क्यावर उभी, एकीकडे पाणबुड्याची होडी, दुसरीकडे दीपगृहाचा रखवालदार. मुखपृष्ठावर लेखक-चित्रकार म्हणून 'दोघं' एवढंच छापलेलं असायचं. ते दोघं म्हणजे हे दोघं!

मी लाजलज्जा सोडून विचारलं, "ती कुणाकडे बघत होती हो?"

नंतर दुसऱ्याच लोकांनी नवी मालिका काढून तिचं पाणबुड्याशी लग्न लावलं, ते तू धरायचीस. छापलं ना, मग तेच खरं. मी म्हणायचे, मूळ हातांनी केलं तेवढंच खरं. त्यावरून आपला वादळवाली-वेड्यांचा सगळा गट दुभंगला.

आजोबा म्हणाले, "मी लिहिलं होतं, ती होडीकडे वळते. ही म्हणाली, दीपगृहाकडेच जाईल, या बाईला मी ओळखते. भांडण मिटेना, तेव्हा हिनं नुसती पाठ काढली आणि पानं छापखान्यात देऊन टाकली. मी काम सोडलं. त्यानंतर बोललोच नाही. झटक्याचं कळलं, तेव्हा आलो."

आणि आपण त्या पाठीतून काय काय अर्थ काढले होते गं!

आज आजोबांनीच कागद पुढे केला. "आता तरी तिचा चेहरा काढ. तुला हवा तसा."

आजी काढत राहिल्या. मी कोपराला खालून आधार दिला होता. जो स्नायू कशालाच दाद देत नव्हता, तो माझ्या तळव्यावर थरथरून जागा झाला. कागदावर डोळे उमटले. होडीकडे लागलेले. पाणबुड्याकडे! तुझ्या बाजूनं.

आजोबा बघतच राहिले. "हे चूक आहे," शेवटी म्हणाले. "ती दीपगृहाकडेच जाते. इतकी वर्षं मी विचार केलाय. तुझंच बरोबर होतं."

"नाही."

"अगं, होतं!"

"नाही!" आणि आजींनी टेबलावर हात आपटला. लुळा हात, ढमे! त्यांनाही ते नंतर कळलं. दोघं एकमेकांकडे बघत हसायला लागले, डोळे भरलेले. मी खांबासारखी उभी. माझं काम होतं नोंद करण्याचं. पेन कुठे ठेवलंय तेच सुचेना.

आता खरं काय, ते मला विचारू नकोस. त्या बाईत एवढा जीव आहे की तिला घडवणाऱ्यांच्याही ती हाती लागत नाही. माझ्या-तुझ्या काय लागणार?

हे सगळं त्यांना विचारूनच तुला लिहितेय.

तुझ्या लग्नाचे फोटो मी दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहिले. केस छान बांधले होतेस. पाणबुड्यावरून भांडण झालं म्हणून तिनं मला बोलावलं नाही, असं मी लोकांना हसत सांगते. लोक हसतात. मला हसू येत नाही.

आजोबांना तुझ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही कुणाच्या झटक्याची वाट बघू नका."

ये. भांडायला ये.

तू मान वा नको मानू, तुझीच,
काडी