पंचकातला शुक्रवार

२२ नोव्हेंबर १९७४

बाबा गेले. सकाळी, दाढीचं पाणी गरम व्हायच्या आत. आणखी लिहवत नाही.

२३ नोव्हेंबर

काल दुपारी गंगाबाई घाटावर नेलं. मी फाटकापर्यंतच. भाऊ गणपत, त्याने एकदा मागे वळून पाहिलं, तेवढंच.

त्यांची दाढी मी केली. गणपतला जमेना. दुखण्यातही बाबा रोज करायचे – भेटायला येणाऱ्याला वाटू नये, की माणूस संपत आला. माझ्याकडून डाव्या कानाखाली जरासं कापलं. रक्त आलं नाही. तेव्हा कुठे कळलं!

भटजींनी पंचांग पाहून मिटलं. पंचक. या दिवसांत गेलेला माणूस घरातल्या पाचांना ओढून नेतो म्हणे. म्हणून कणकेच्या पाच बाहुल्या तिरडीवर ठेवून सोबत जाळायच्या – आपल्याऐवजी त्या. आता घरात राहिलो आम्ही पाचच: आई, जिजाआत्या, गणपत, त्याची इंदू आणि मी.

मी नको म्हटलं. बाबांनीच दिवाळीत बजावलं होतं – "पंचक निघो का काही निघो, माह्यासोबत कणीक जाळू नको, शामला. पोळ्या करून खाऊन टाका." आजोबांच्या वेळी पाचही बाहुल्या केल्या होत्या, तरी महिन्याच्या आत बाबांचा धाकटा भाऊ गेला. बाबा म्हणजे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. मी शब्द दिला होता, तो पाळला.

आई उठून आत गेली.

२५ नोव्हेंबर

आत्या जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणते, "दादा तं सुटला. त्याचं शहाणपण आता आपण भोगायचं." इंदू गणपतला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. मी मुद्दाम मोठ्याने रेडिओ लावला. आईने बंद केला.

२८ नोव्हेंबर

वाडीच्या गोदामाच्या किल्ल्या गणपतकडे होत्या. मालकाचा माणूस दोनदा येऊन गेला. शेवटी गणपत तासाभरासाठी म्हणून सुतकातच गेला. मागे सरकणाऱ्या ट्रकने त्याला भिंतीशी दाबलं.

श्वास चालू आहे.

२९ नोव्हेंबर

मांडी चिरडली आहे, रक्त फार गेलं. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. इंदू माझ्याशी बोलत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्याने मला गाठलं. "काहून वं, झालं समाधान? हा पहिला."

माझा विश्वास नाही. तरी आज चहा देताना एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं – यानंतर कोण? लाज वाटली. मग पुन्हा पाहिलं.

१ डिसेंबर

बाबा, मी हरले. भटजींकडे जाऊन विचारलं, अजून काही करता येईल का. पंचकाची शांत करू म्हणाले. घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवला नाही. "कायले? मी ठेवल्या होत्या बाहुल्या. तू दाढी करून उठली, मंग शालीखाली सरकवल्या."

रागावायला हवं होतं. तुमचा शब्द मोडला गेला आणि मला हलकं वाटलं! तिथेच बसून रडले. आईने पाठीवरून हात फिरवला.

३ डिसेंबर

गणपत धोक्याबाहेर. पाय वाचला. शुद्धीवर आल्याबरोबर किल्ल्यांचंच विचारलं! इंदू हसली, माझा हात धरून. आत्याने आज दोन भाकरी खाल्ल्या, वर मलाच टोमणा – "मास्तराच्या पोरीहून मास्तरीणच हुशार."

४ डिसेंबर

तेरवी झाली. माणसं बरीच आली, बाबांचे जुने विद्यार्थीही. आई दोन घास खाऊन उठली. रक्तदाबाची गोळी दिली तर नको म्हणाली. तिने ठेवणीतली लुगडी काढून इंदूला दिली. दिवसभर शांत होती. इतकी शांत, की पाहून बरं वाटलं.

५ डिसेंबर

सकाळी आईला सहज विचारलं, पाच बाहुल्या एवढ्या घाईत कशा केल्या.

"चारच केल्या. तुमच्या चौघाइच्या."

कणीक कमी पडली का, म्हटलं.

"नाही वं. कणीक तं उरली होती."