कापलेल्या शेपटीची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय पूर्वी संगणकाचे प्रोग्राम लिहिणे आणि हल्ली ते वापरणाऱ्यांना नावे ठेवणे, हे मृत्युपत्र राहत्या घराच्या मागच्या खोलीत बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी प्रश्न विचारविचारून खात्री करून घेतली आणि शेवटी तेच थकले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी उरलेले नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती लिहिताना मी फार मऊ होतो.

१. राहते घर माझ्या एकुलत्या लेकीला. द्यायला दुसरे कोणी नाही म्हणून. यात मायेचा अर्थ काढू नये. घर ताब्यात आल्यावर तिने या खोलीच्या भिंतींवरचा आवाज अडवणारा फोम आधी काढावा आणि मगच गाण्याच्या रियाजाला बसावे. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने वर्षानुवर्षे छताला काठी आपटून आमचे रेकॉर्डिंग बिघडवले, आणि एकदासुद्धा ती काठी ठोक्यावर पडली नाही.

२. बँकेत जे असेल तेही लेकीला. ते पाहून तिचा हिरमोड होईल. होऊ द्यावा.

३. स्पीकर, माइक आणि पायाने दाबायची सगळी पेडले विकून टाकावीत. धाकट्या भावाला यातले काहीही देऊ नये. त्याला फक्त ती काळी केबल द्यावी, जिच्यातून माझ्या यंत्राचा ठोका त्याच्या यंत्राला गेला होता. दुसऱ्या टोकाला आता काही नसेल. मी नसल्यावर कोणाच्या मागे चालायचे हे त्याने स्वतः शोधावे.

४. माझा लूपिंगचा प्रोग्राम कोणालाही फुकट द्यावा, धाकट्याला सोडून. त्याचे कारण वकीलसाहेबांना कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गाणारी बाई पेडल दाबते, एक ओळ गाते, पुन्हा दाबते. ती ओळ आपोआप फिरत राहते. मग तिच्यावर ती दुसरी ओळ चढवते, मग तिसरी, आणि एकटी बाई सगळे सभागृह भरते. प्रश्न एवढाच, की ती ओळ किती लांब आणि ते ठरवणार कोण. माझ्या प्रोग्राममध्ये घड्याळ ठरवते. ठोका आधी सुरू असतो, बाईने त्यात यायचे. पेडल थोडे मागेपुढे पडले तरी प्रोग्राम ओळ आवर्तनाच्या सीमेवर नेमकी कापतो, त्यामुळे कितीही थर चढवा, एकही घसरत नाही. धाकट्याच्या प्रोग्राममध्ये बाई ठरवते. तिची पहिली ओळ जेवढी, तेवढे माप, आणि बाकी सगळ्यांनी, अगदी ड्रमच्या यंत्रानेसुद्धा, त्या मापाने चालायचे. ती रेंगाळली की सगळेच रेंगाळणार. पेडल दाबल्यावर जे मागे लोंबते, शेवटचा स्वर, श्वास, एखादा शब्द, त्याला आम्ही शेपटी म्हणतो. माझा प्रोग्राम ती कापतो. त्याचा ती पुढच्या फेरीखाली हळूहळू विरू देतो. याला तो माणुसकी म्हणतो. मी गबाळेपणा म्हणतो.

एकदाच आम्ही दोघांची यंत्रे एका स्टेजवर लावली, माझ्या बायकोच्या कार्यक्रमाला. दोन यंत्रे एकत्र चालवायची तर एकाने ठोका द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा. ठरले असे की पूर्वार्धात माझे देईल, उत्तरार्धात त्याचे. उत्तरार्ध आला, त्याच्या यंत्राने द्यायला सुरुवात केली आणि माझ्याने द्यायचे थांबवले नाही. मी तशी सोयच ठेवली नव्हती. आधी नुसता प्रतिध्वनी वाटला, मग एकाच जिन्यावरून दोन माणसे बूट वाजवत उतरावीत तसे झाले. बायको मध्ये उभी होती. थोडा वेळ तिने दोघांनाही सांभाळून घेतले, मग दोन्ही पेडले बंद केली आणि नुसती गायली. टाळ्या थांबेनात. त्या आम्हा दोघांपैकी कोणाच्याच नव्हत्या, हे धाकट्याला अजून उमगलेले नाही. दुसऱ्या दिवशी तो बिऱ्हाड हलवून गेला.

५. आता जिच्यासाठी लेक या कागदाची वाट पाहत आहे ती वस्तू. शेवटच्या आजारात बायकोने याच खोलीत, माझ्या यंत्रावर, एक ओळ गायली. छातीत दम नव्हता. पेडलवर पाय उशिरा पडला आणि प्रोग्रामने नेहमीप्रमाणे शेपटी कापली. परंतु कापलेले मी बाजूला साठवत असे, हे लेकीला ठाऊक आहे. आई गेल्यापासून ती माझ्या मागे लागली.

"बाबा, आईचा शेवटचा आवाज आहे तो. कॉपी नको मला, एकदा ऐकवा फक्त."

"लूप दिलाय ना तुला? लाव तो. हवा तितका वेळ चालेल."

"त्यात आई श्वासच घेत नाही हो."

"म्हणूनच चुकत नाही."

मी तिला अट घातली: काकाचा प्रोग्राम सोड, माझ्यावर गाऊन दाखव, मग देतो. तिने सोडला. ज्या काकाने तिला स्टेजवर उभे केले त्याला तोंडावर नाही म्हणाली आणि वर्षभर माझ्या घड्याळावर गायली. कार्यक्रम पडत गेले. एकाने तर लिहिले की बाई कोणीतरी दाराबाहेर ताटकळत असल्यासारखी गाते. वर्ष सरल्यावर ती हात पसरून आली. मी म्हणालो, मन लावून गायली नाहीस. आणि दिली नाही. त्यावर ती रडली नाही, फक्त चपला घालून निघाली, आणि पुन्हा या घरी आलेली नाही.

सबब, नेमका कापलेला लूप लेकीकडे आहे तो तिचाच राहील. शेपटी मी आज सकाळी दोन्ही साक्षीदारांदेखत, कोणालाही न ऐकवता, कायमची पुसली. शिंपी म्हणाला, "अहो, पोरीला एकदा ऐकवायची तरी. तुमचं काय जात होतं?" मी त्याला त्याच्या टाके घालायच्या कामांची आठवण करून दिली.

६. इथे हा कागद संपायचा होता. वकीलसाहेबांनी अडवले. "पुसलीत ती पुसलीत. पण कारण लिहा. नाहीतर ताई कोर्टात म्हणतील, बाबा भानावर नव्हते. मग घरापासून सगळंच लटकेल." म्हणून कारण. शेपटीत बायकोने म्हटलेले शब्दशः लिहितो, कारण अदमासे लिहिणे मला जमत नाही:

"अहो, भावोजींना बोलवा ना. त्यांच्यावर घेते. तुमचं दमच खाऊ देत नाही. आणि पोरीला सांगा, दम लागला की थांबायचं. गाणं कुठे जात नाही."

मी धाकट्याला बोलावले नाही. पोरीलाही सांगितले नाही. बायकोला ती ओळ पुन्हा माझ्याच यंत्रावर घ्यायला लावली. ती घेता आली नाही.

वकीलसाहेब म्हणाले, कारण पुरेसे आहे. हा परिच्छेद गाळता येईल का, असे मी विचारले. "गाळला तर पान पुन्हा लिहावं लागेल," ते म्हणाले, "आणि कारण पुन्हा द्यावं लागेल." हात आता तेवढा टिकत नाही. राहू दिला आहे. मृत्युपत्र वारसांसमोर मोठ्याने वाचायचे असते, असेही ते म्हणाले.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले आहे.

लिहून देणार : सही

साक्षीदार :
१. डॉक्टर. लिहून देणाऱ्याची बुद्धी शाबूत असल्याचे मी तपासले आहे. सही
२. खालच्या मजल्यावरचा शिंपी. माझ्यादेखत पुसली आणि माझ्यादेखत लिहिली. सही

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ मार्च