स्वेटरचा चढ

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, विणकाम घटकाभर बाजूला ठेवून केलेला नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुझ्या नातवाचं बाळसं कसं आहे? इकडे देवाच्या दयेने सगळं ठीक, फक्त त्याचा स्वेटर सोडून.

थंडीच्या आत पाठवतो, असा शब्द मी बाळ झालं त्याच दिवशी दिला होता. आता बाळ सहा महिन्यांचं झालं, थंडी दाराशी येऊन उभी राहिली आणि गळ्यापासून खाली विणायला घेतलेला स्वेटर तीन बोटांचा आहे. (रुंदीला भरपूर आहे.) हा उशीर आळसाने नव्हे, भक्तीने झाला. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं की मी विणायला बसतो. टाक्यागणिक देवाचं नाव, असा माझा नेम. आता तूच सांग, ज्या ओळीत मन भलतीकडे गेलं (परवा ते शेजाऱ्यांच्या तळणीकडे गेलं), ती ओळ बाळाच्या अंगावर कशी घालायची? मी ती उसवतो. आठ ओळी विणतो, सात उसवतो. उरलेल्या एका ओळीत मी खरोखर पवित्र असतो.

आमची ही शाळेत गणित शिकवते, हे तुला ठाऊकच आहे. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रेषा काढल्या, एक बाळाच्या पाठीची, एक स्वेटरची. माझी रेषा वर चाललेली बघून मला भरून आलं. "अहो, वर तर पालही जाते," ती म्हणाली. "चढ बघा! चढ म्हणजे महिन्याला किती भर पडते ते. तुमची अर्धं बोट, बाळाचीही अर्धं बोट. जन्मात गाठ पडायची नाही." मी म्हटलं, खाली एक तयार पट्टी जोडू. तर म्हणे, त्याने रेषा नुसती उचलून वर ठेवल्यासारखी होईल, चढ तोच राहील; आणि बाळापर्यंत पोचायला पट्टी एवढी लांब लागेल की तिलाच स्वेटर म्हणावं लागेल. मग मी विचारलं, बाळाचाच चढ जरा कमी केला तर? त्यावर ती संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. (त्या शांततेत एकही ओळ उसवावी लागली नाही.)

तरी मी निराश नाही. बाळाची रेषा सरळ पुढे नेली तर माझ्या वयाला येईतो त्याची नुसती पाठच छपराला लागते. म्हणजे ती कुठेतरी वाकणारच! ही म्हणाली, वाकेल, शाळेत जाईल तोवर वाकेल. तेव्हा मी त्याला गाठतो. तोवर त्याला थंडी वाजू देऊ नकोस.

तुझा,
सावकाश चढणारा भाऊ

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात हिने सुया ओढून घेतल्या आणि टीव्हीवरची मालिका बघत, मधूनमधून मला बोलत, दोन संध्याकाळींत स्वेटर पुरा केला. तोंडी देवाचं नाव नाही, उसवणं नाही. रेषा जिन्यासारखी नाही, शिडीसारखी चढली. देवाला यातलं काय आवडलं, हे विचारायचं धाडस मला होत नाही.

आणखी एक : खरी विनंती एवढीच, की बाळाला घालशील तेव्हा चारचौघांत "मामाआजोबांनी विणला" असं म्हण. गळा खरोखरच माझा आहे.

ताई, आता मी लिहिते आहे. खुशाल तसं म्हणा. पण आधी गळा थोडा उसवा, त्यातून बाळाचं डोकं जात नाही. नेमकं तेवढंच उसवायचं यांच्याकडून राहिलं.