आईचे हात

बाळकुम, रविवार, १९५४

बी.ए. झाले म्हणून आईला घेऊन ठाण्याला फोटो काढायला गेले. सुरकुत्यांत पावडर साचते, म्हणून आधी तिच्या चेहऱ्याला खोबरेल चोळलं. पांढरेपणा मारायला पावडरीत चिमूटभर हळद मिसळली. आई दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. पण मिठागरात भेगाळलेले ते काळे हात.

"हात पदराखाली घे," फोटोवाल्यासमोरच मी म्हटलं.

"मंग नुसता तोंडाचाच फोटू काढ गो बाय," आई म्हणाली. फोटोवाला हसला. मीही हसले.

श्रमाच्या प्रतिष्ठेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मी, असं कसं बोलले? घरी येईपर्यंत माफीही मागितली नाही.

आत्ता तिनं मला भात वाढला. डावा हात पदराखालीच होता. उजवा झाकता येत नव्हता.