रनाळ्याच्या सुईणीची लुगड्यांची पेटी

मी, अनुसयाबाई भ्रतार कैलासवासी चुनीलाल पाटील, वय साठीच्या घरात, धंदा सुईणपण, राहणार मौजे रनाळे, तालुका नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. माझ्या डोक्याबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी आपापल्या घरातल्या पोरांकडे पाहावं. ती जन्मली तेव्हा माझंच डोकं ठिकाणावर होतं, घरच्यांची नव्हती.

कलम १. दिरांच्या घराला लागून असलेलं माझं घर मी माझ्या कमाईतून बांधलं. ते माझे धाकटे दीर दगा यांस मिळावं. यजमान गेल्यापासून दगाभाऊ येता-जाता त्याच्या भिंती चाचपून बघतात. भिंती भक्कम आहेत, काळजी नसावी. मात्र एक अट आहे, ती पुढे येईल. तोवर दम धरावा.

कलम २. माझं तांब्याचं घंगाळ जाऊबाई रुक्मिणीबाई यांस. "बाई, तुमनी पेटीमा दुकान शे का?" असं त्यांनी मला आडावर, चार बायकांत, जन्मभर विचारलं. उत्तर आता लेखी देते. सुईण बाळंतिणीच्या खोलीतून निघाली की तिचा विटाळ. अंघोळ करून अंगावरचं सगळं बदलल्याशिवाय तिने उंबरा ओलांडायचा नाही. हा नियम मला मागच्या दारी उभं करून कोणी पाळायला लावला? रुक्मिणीबाईंनीच! आणि बदलायला दुसरं लुगडं काढलं की नटवी म्हणायला पुन्हा त्याच. घंगाळ त्यांनी रोज घासावं.

कलम ३. लुगड्यांची पेटी, आतल्या सगळ्या कापडांसह, दगाभाऊंची विधवा सून शोभाबाई हिला.

ही पेटी कशी भरली तेही सांगते, म्हणजे दुकानाचा संशय फिटेल. आमच्याकडे मुलगा झाला तर सुईणीला लुगडं, मुलगी झाली तर नुसता चोळीचा खण. जणू मुलीच्या वेळी मी अर्धीच राबते. एका साली गावाला लागोपाठ मुलीच झाल्या आणि माझ्याकडे खणांचा ढीग झाला, नेसायला मात्र एक धड नाही. मग आगगाडीने खांडबाऱ्याच्या बाजारी जाऊन खण दिले आणि लुगडं घेतलं. गावात बदलले असते तर देणारणींनी ओळखून गहजब केला असता. एका बड्या घराने नातवाच्या जन्माला दिलेलं लुगडं इतकं विरळ, की मी ते दही टांगायला घेतलं. श्रीखंड उत्तम झालं, त्या घराचे उपकार आहेत.

शोभाबाई, नीट ऐक. काठाला भुलू नकोस, पोत बघ. खोलीत काळं नेस, डाग दिसत नाहीत. मधे विरलं की मधूनच काप, काठाकडचे तुकडे जोडून दांड घाल, आणखी दोन वर्षं जातं. लाल काठाचं मी बारशांसाठी घेतलं. मूल पहिल्यांदा हातात घ्यायला मी चालते, पाळण्याला हात लावायला मात्र विधवा चालत नाही. तरी मी ते नेसून दारात ऐटीत बसायची. तूही बस.

कलम ४. अट. शोभाबाईला धुळ्याच्या सुईणपणाच्या वर्गाला जायचं आहे. तिचा हात माझ्याहून हलका आहे. दगाभाऊ म्हणतात, "अंगवर धड लुगडं नही, धुयाले कशी धाडू?" वा रे वा! घरात दोन काळ्या चिंध्यांवर तिला ठेवायचं आणि लुगडं नाही म्हणून अडवायचं. आता लुगडी आहेत. वर्ग दिवाळीनंतर सुरू होतो. दगाभाऊंनी तिला स्वतः नेऊन पोचवावं. नाही पोचवलं तर घरसुद्धा शोभाबाईचं. हे मृत्युपत्र मी मेल्यावर नव्हे, उद्या सकाळीच ओट्यावर मोठ्याने वाचावं. दगाभाऊंना ऐकायला कमी येत असेल तर दोनदा वाचावं.

कलम ५. रिवाजाप्रमाणे माझ्या अंगावर माहेरचं लुगडं पडायचं. भाऊबीजेला कधी न फिरकलेला माझा भाऊ त्या दिवशी शालू घेऊन धावत येईल. तो माझ्यावर घालू नये, शोभाबाईला द्यावा. विधवा झाल्यापासून त्या पोरीच्या अंगाला कोरं कापड लागलेलं नाही, आणि मला ते बघवत नाही.

त्या वेळी ती कुठे बाळंतपणात अडकली असेल तर तिला हाक मारू नये. मूल होऊ दे, नाळ कापू दे, तिला अंघोळ करून कोरडं नेसू दे. मग ती येईल. तोवर मला उचलू नका. जन्मभर कोणी ना कोणी "बाई, लवकर चला" म्हणत माझ्या दारात उभं असायचं. त्या दिवशी मला कसली घाई नसेल.

मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: अनुसयाबाई भ्रतार चुनीलाल पाटील

लिहिणार: दोधू शिंपी, रनाळे

साक्षीदार: इंद्रसिंग गिरासे, रनाळे (सही)
तुळशीबाई शिंपी, रनाळे (अंगठा)

मुक्काम रनाळे, तारीख १२ सप्टेंबर १९३८