चुन्याच्या गोलातल्या चपला

प्रिय दिन्या,

चपला मीच बदलवल्या. हे आधी लिहून टाकतो, नाई त गप्पा हाणत बसीन अन् खरी गोष्ट राहूनच जाईन. पत्र पोचूभाऊच्या मिरचीच्या गाडीत देऊन राह्यलो. फोनवर कसं सांगू, तिथी तुह्या बाजूले साऱ्या मजुराईचे कान असतात.

तू मिरची तोडाले गेला अन् इथी कोरोनानं मोठा बाजार बंद झाला. मग ग्रामसेविका सरिताबाईनं डोकं लावलं. सारं गाव एका मैदानात जमाच नाई झालं पाहिजे, म्हणून मोहल्ल्या-मोहल्ल्यात लहान बाजार, हर मोहल्ल्याचा दिवस वेगळा. आपला मंगळवार. शाळेसमोर चुन्याचे गोल, एका गोलात एक दुकान, मधात बैलबंडी जाईल एवढी जागा. गोल मीच आखले. पहिला अंड्यासारखा झाला त बाई म्हणे, धम्मदीप, इथी दुकान लावाचं आहे का कोंबडी बसवाची आहे.

पण आपली माणसं तुले माहीत आहेत. बाजारात जागा धराची त चप्पल ठेवाची. ऊन असं का डोकं फुटते, म्हणून साऱ्या दुकानदाराईनं गोलात चपला ठेवल्या अन् चिंचेखाली मांडीले मांडी लावून बसले. अंतर ठेवून बसल्या त फक्त चपला. अन् त्यायच्यावर लक्ष ठेवाले बाईनं मले बसवलं.

तुही आई नाल्यापलीकडून पायी येते, डोक्यावर चारोळी अन् तेंदूची पिकली टेंभरं. सर्वात शेवटी पोचते, म्हणून हरदम नालीजवळचा उन्हातला गोल. तिथपर्यंत गिऱ्हाईक जातच नाई. त्या दिवशी मी तिची चप्पल उचलून पहिल्या गोलात ठेवली, सावलीतल्या. एकच हलवली त ध्यानात येईल, म्हणून बाकीच्याही इकडच्या तिकडं केल्या. मजाही येत होती, खोटं काऊन बोलू.

बाजार सुरू कराची बाईची शिट्टी वाजली अन् सारे धावले. लहानूभाऊच्या चपला नालीजवळ, कमलामावशीची एक इथी अन् एक तिथी. हा म्हणे तू चोर, ते म्हणे तुही खानदान चोर. मास्क हनुवटीवर, कारण मास्कातून शिव्या नीट निघत नाई. अन् भांडण पाहाले बाकीचे मोहल्ले आले. मोठ्या बाजारात होत नोती तेवढी गर्दी झाली. माहे मोठे बाबा, बापूराव, भांडण सोडवाले मधात घुसले. आता ते गडचिरोलीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर आहेत. कोरोना तिथीच लागला का दुसरीकडं, कोणीच सांगू शकत नाई. घरी मोठी आई भाकर वाढता वाढता विचारते, कोण होता तो मुडदा. मी मान खाली घालून जेवत राहतो.

त्या गोंधळात पहिल्या गोलात तुही आई दिसली. लहानूभाऊ म्हणे, जंगलातून याचं अन् सावली पाहिजे यायले. तिनं माह्याकडं पाह्यलं. तिनं मले चपला उचलताना पाह्यलं होतं, हे मले तवा समजलं. अन् ते म्हणली, हो, मीच ठेवली. तवापासून मोहल्ल्यानं तिले बाजारात बसाची मनाई केली आहे.

मी तिच्या घरी गेलतो. टेंभरं सडून राह्यली. मी तोंड उघडलं त तिनं पाण्याचा लोटा हातात दिला अन् म्हणे, तुह्या घरी बिमार माणूस आहे, तू चूप राह्य. मी पाणी पेलो अन् आलो. खरंच चूप राह्यलो, दिन्या.

म्हणून हे पत्र. सरिताबाईले मी म्हणलं, हर गोलावर डगाळ्या-पाल्याचा मांडव टाकू, मग चिंचेखाली कोणी जाणार नाई, अन् जागा पाळीनं देऊ. बाई तयार झाली. येत्या मंगळवारी, शिट्टीच्या आधी, मी सर्वाईसमोर सांगणार आहे का चपला कोणी हलवल्या. पण तवा तुही आई तिथी पाहिजे, मनाई असली तरी. तिच्या मागं सांगितलं त कमलामावशी म्हणन, मित्राच्या मायले वाचवून राह्यला. अन् तुही आई तुह्याशिवाय कोणाचं ऐकत नाई. फोन कर, नुसतं म्हण, आई, मंगळवारी टोपली घेऊन जा. काऊन, ते सांगू नको. तिले समजलं त माह्या आधी पुन्हा मीच ठेवली म्हणून मोकळी होईल. पोचूभाऊ विचारन पत्रात काय आहे, त पोरीचं लफडं आहे म्हण. मंगळवारपर्यंत कोणालेच नको सांगू गा, हात जोडतो. तुह्या आईले त बिलकुलच नाई.

तुहाच,
धम्म्या