नावाड्याच्या तीन हाका

डॉक्टरसाहेब, परवापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. घास हातात घेतो आणि तोंडात घालायचा विसरतो. अंगणात उगाच फेऱ्या मारतो, तर घरचे विचारतात, काय हरवलंय का. माझ्या थोरलीचा नवरा, आमचे जावईबापू, आता गेवराईच्या दवाखान्यात माझ्याच जागेवर मलमपट्टी करतात. त्यांना नव्या डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, तुझा हात चांगला आहे, हैदराबादेला जा, डॉक्टरी शीक, मी चिठ्ठी देतो. ते तसेच माझ्याकडे आले. ओट्यावर टेकले न टेकले तोच म्हणाले, "मामा, तुमाला बी तवा सायबांनी धाडलं होतं. तुमी काहून गेला न्हाईत?" मी इतकी वर्षं जे सांगत आलो तेच सांगितलं. नदीवर म्हातारी भेटली, तिच्या पायात नारू होता, तिला तशी टाकून जाववलं नाही. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मग मी तरी कशाला जातो? तुमच्यावानी हितंच समाधानानं ऱ्हाईन." सोमवारी ते डॉक्टरांना नाही म्हणून सांगणार आहेत. तेव्हापासून माझं हे असं आहे.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो मी स्वतःच नारू घेऊन. तलवाड्याला आम्ही सगळे पायऱ्यांच्या बारवेत पाय बुडवूनच पाणी प्यायचो, आणि वर्षभरानं कुणाच्या ना कुणाच्या घोट्यातून सुतासारखा पांढरा जंत डोकं काढायचा. तुम्ही तो काडीला गुंडाळायला घेतलात. रोज बोटभर, त्याहून जास्त नाही. मी पाय पुढे करून बसायचो आणि दुखणं विसरून तुमच्या बोटांकडे बघायचो. नारू संपला, जखम भरली, तरी मी घरी जाईना. वडील दुकान बंद करून न्यायला आले. दवाखान्याच्या दारातच कडाडले, "घरी गूळ तोलायचा सोडून लोकांचा पू पुसतोस? लाज हाय का काई?" तुम्ही नुसतं त्यांच्या हातावरचं गळू बघितलंत आणि मला खूण केलीत. मी ते धुतलं, फोडलं, पट्टी बांधली. वडील तेवढा वेळ दुसरीकडे बघत होते. जाताना म्हणाले, "हात हलका हाय पोराचा," आणि पुन्हा न्यायला आले नाहीत.

शाळा मी पाहिली नाही. उर्दू अक्षरं औषधाच्या बाटल्यांवर शिकलो, एक बाटली म्हणजे एक धडा. चुकलो की तुम्ही बाटली माझ्या नाकाखाली धरायचात, आता वास घेऊन वाच म्हणायचात. पण खरा धडा बसला तो पाटोद्याच्या त्या गड्यामुळे. त्याला पेरणीला परत जायचं होतं, मलाही बाजार गाठायचा होता. दोघांनी मिळून ठरवलं की आज त्याचा नारू सगळाच ओढून काढू. नारू तुटला. रात्रीतून त्याचा पाय खांबासारखा सुजला आणि पेरणी तर राहिलीच, तो दोन महिने उठला नाही. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. म्हणालात, "उसकू जल्दी थी, तेरेकू जल्दी थी. किडेकू पूछा था क्या बे?" मी हसलो नाही, तुम्हीही नाही. अजून आठवलं की कान गरम होतात.

मग तो लखोटा. हैदराबादच्या डॉक्टरीच्या शाळेसाठी तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलेला, लाखेनं बंद केलेला, आणि वर तुमचा जुना चिमटा भेट म्हणून. नदी ओलांडायची, जालन्याला आगगाडी धरायची, एवढंच. गोदावरीच्या उतारावर पोचलो तर नाव लागलेलीच होती. काठावर एक म्हातारी बसली होती. "आरं, तू दवाखान्यातला न्हवं? बग की रं, लई ठणका हाय." मी बसलो. पायावर पाणी ओतलं, काडीला दोन वेढे दिले, चिंधी बांधली. हे सगळं मी लोकांना सांगतो. यात खोटं काही नाही. पुढचं मात्र सांगत नाही. बांधून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "जा आता बाबा, तुजी नाव हाय." नावाडी थांबला होता. त्यानं हाक मारली. मी तिची चिंधी सोडून पुन्हा बांधली. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली. मी चिंधीची गाठ बघत बसलो. तिसऱ्यांदा तो ओरडला, "येतो का बे, का सोडू?" मी वर बघितलं नाही.

तुमच्या हाताखाली हात माझा होता आणि हुकूम तुमचा. कुणाचा पाय कापायचा, कुणाचा ठेवायचा, हे तुम्ही सांगायचात. तिकडून डॉक्टर होऊन आलो असतो तर ते मला सांगावं लागलं असतं. रक्ताला मी कधी भ्यालो नाही साहेब, त्या सांगण्याला भ्यालो.

तुम्ही मात्र म्हातारीची गोष्ट ऐकलीत आणि मला पोटाशी धरलंत. येईल त्या अंमलदाराला कौतुकानं सांगायचात, हा माणूस एका रोग्यासाठी हैदराबाद सोडून आला. मानमोडीच्या तापाची साथ आली, गावंच्या गावं अंथरुणाला खिळली आणि शेवटी तुम्हीही. तुमचं औषध किती देऊ, हेही मी तुम्हालाच विचारत होतो. डोळे मिटायच्या आदल्या रात्री तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "तू रुक गया, अच्छा किया." तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुमच्या तोंडावर इतकं समाधान होतं की माझी जीभ उचलली नाही.

समाधान मलाही मिळालं, ते खोटं नाही. तीस वर्षं लोकांचे पाय मांडीवर घेतले आणि एक दिवसही काम ओझं वाटलं नाही. पण ते नदीवरून परतताना माझ्याजवळ नव्हतं. ते मागाहून आलं, एकेका पायाबरोबर, बोटबोट. जावईबापू मला बघून राहतील ते या समाधानासाठी, आणि त्यांच्या पदरात पडेल ती माझी भीती. राहायचं तर खुशाल राहावं, पण तिन्ही हाका ऐकून राहावं. सोमवारच्या आधी त्यांना हे सांगायचं, असं आता लिहिता लिहिता ठरतंय. सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघवेल का, ते माहीत नाही. म्हणून आधी तुम्हाला.

तुमचा लखोटा अजून तसाच बंद आहे, चिमट्याच्या डब्यात. हा कागदही तिथेच ठेवतो. आणि एक राहिलं साहेब. त्या दिवशी नाव पार पलीकडे जाईपर्यंत मी काठावर उभा होतो, आणि ती पलीकडे लागली तेव्हा मला हायसं वाटलं होतं.